हिमालिया पकडायचाय? आधी कागद, मग टेलिस्कोप: सातारा-सांगलीतल्या हौशी लोकांसाठी

गुरूचे चार मोठे चंद्र बायनॉक्युलरनं पण दिसतात, त्यासाठी काय लेख लागत नाही. हा लेख त्यांच्या बराच पलीकडं फिरणाऱ्या बारक्या, अनियमित (म्हणजे तिरक्या, लांबट कक्षांतल्या) चंद्रांचा आहे, आणि त्यातल्या त्यात हिमालियाचा. आपल्याकडं सहा-आठ इंची टेलिस्कोप आणि साधा डीएसएलआर असणारी मंडळी आता बरीच झालीत, फोटो पण भारी काढतात, पण "हा ठिपका हिमालियाच कशावरनं?" असं विचारलं की उत्तर येतं, "ॲपमध्ये तिथंच दाखवत होतं की." आणि नीट तपासलं की तो ठिपका निघतो तारा.

माझं मत असं की चूक टेलिस्कोपवर फार कमी वेळा होते. ती दुपारी होते, तक्ता काढताना. म्हणून खाली अंधार पडायच्या आधीचंच काम जास्त आहे, ते गाळून थेट पाचव्या टप्प्यावर उडी मारू नका.

१. कोणता चंद्र धरायचा ते आधी ठरवा

सुरुवात हिमालियानंच करा. गुरू जवळ असतो तेव्हा त्याची प्रत (तेजाचा आकडा, जेवढा मोठा तेवढा ठिपका फिका) साधारण १४.७ असते. त्याच गटातला एलारा १६.६ च्या आसपास, पॅसिफी १७ च्या घरात, सिनोपी १८ च्या पुढं. शनीचा फीबी १६.५. म्हणजे हिमालिया आणि बाकीच्यांच्यात जवळपास दोन प्रतींचा खड्डा आहे, तो पहिल्याच फटक्यात भरून निघत नाही. नुकत्याच सापडलेल्या दोन-तीन किलोमीटरच्या चंद्रांचा तर विचारच सोडा, ते मोठ्या वेधशाळांचं काम.

डोळ्यानं बघायचा हट्ट असेल तर बारा इंच किंवा मोठा डॉब (साध्या स्टँडवरचा आरशाचा टेलिस्कोप) आणि खरोखरचा काळा अंधार पाहिजे. इथं आपण कॅमेऱ्याचंच बोलू.

सामान: सहा ते आठ इंची न्यूटोनियन, म्हणजे आरशाचा टेलिस्कोप (किंवा तशीच ७५० ते १००० मिमी फोकल लेंथची कुठलीही नळी), मोटरवर चालणारा इक्वेटोरियल माउंट (आकाशाबरोबर टेलिस्कोप फिरवणारं स्टँड), डीएसएलआर, इंटरव्हलोमीटर (ओळीनं आपोआप फोटो काढणारं रिमोट), बाहटिनोव्ह मास्क (फोकससाठीचं खाचांचं झाकण), दवासाठी हीटर पट्टी, लॅपटॉप. गायडिंग (तारा धरून माउंटची चाल आपोआप सुधारणं) नसलं तरी चालतंय, मिनिटभराचे एक्सपोजर पोलर अलाइनमेंट (माउंटचा आस ध्रुवाकडं रोखणं) नीट असेल तर निघतात.

*तपासा:* तुमच्या कॅमेऱ्याचा पिक्सेल किती आकाशाचा? पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६ नं गुणा, फोकल लेंथनं भागा. ३.७ मायक्रॉन आणि ७५० मिमीला साधारण १ आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग) येतो. हा आकडा वहीत लिहून ठेवा, शेवटपर्यंत लागणार आहे.

२. तारीख निवडणं

हिमालिया गुरूपासून सरासरी जवळपास १ कोटी १४ लाख किलोमीटरवर फिरतो आणि एका फेरीला अंदाजे २५० दिवस घेतो. गुरू प्रतियुतीजवळ (आकाशात सूर्याच्या बरोबर समोर) असताना तो आकाशात गुरूपासून सुमारे एक अंश लांब जाऊ शकतो, म्हणजे पौर्णिमेच्या दोन चंद्रांएवढं अंतर. आणि चाल एवढी संथ, की एकदा लांब गेला की कित्येक आठवडे लांबच राहतो. तर घाई नाही, पण तो गुरूच्या जवळ असलेल्या आठवड्यात मात्र नादाला लागू नका. गुरू हिमालियापेक्षा ७० लाख पटींहून जास्त तेजस्वी आहे, त्याच्या झगमगाटात १५ व्या प्रतीचा ठिपका उरत नाही.

तारीख निवडताना तीन गोष्टी एकाच वेळी जमल्या पाहिजेत: हिमालिया गुरूपासून निदान ३० आर्कमिनिट (अर्धा अंश) लांब, अमावास्येचे आसपासचे दिवस, आणि गुरू ४५ अंशांच्या वर. पुढची प्रतियुती फेब्रुवारी २०२७ मध्ये १० तारखेच्या सुमारास आहे आणि अमावास्या ६ तारखेला, म्हणजे चंद्राचा अडथळा जवळपास नाही. तेव्हा गुरू सिंह राशीत, आपल्या अक्षांशावरनं मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर. अंतराचं मात्र तुम्हालाच तक्त्यात बघावं लागेल, ते कसं ते पुढं.

फेब्रुवारीत आपल्याकडं गुरू बरोबर बाराला माथ्यावर येत नाही हे पण लक्षात ठेवा. आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेषेपासून साडेआठ अंश पश्चिमेला, त्यात त्या महिन्यात सूर्य पण मागं पडलेला असतो, त्यामुळं प्रतियुतीच्या रात्री मध्यावर यायला पावणेएक वाजतात.

३. तक्ता काढणं (इथंच सगळे घसरतात)

मोबाईलवरच्या तारांगण ॲपवर विसंबू नका. मोठ्या चंद्रांसाठी ते ठीक असतं. हे अनियमित चंद्र ग्रहापासून एवढे लांब आहेत की सूर्याची ओढ त्यांची कक्षा सतत वाकडी करत राहते, आणि जुन्या कक्षेच्या आकड्यांवर साधं गणित करणारं ॲप त्यांना भलतीकडंच दाखवू शकतं. नासाच्या जेपीएलची होरायझन्स ही फुकट सेवा ब्राउझरमध्ये चालते, तीच वापरा.

अ) प्रकार निवडा: निरीक्षकासाठीचा तक्ता. टार्गेटमध्ये हिमालिया टाका, त्याचा क्रमांक ५०६. एलारा ५०७, पॅसिफी ५०८, फीबी ६०९. नावानं शोधलं तर कधीकधी त्याच किंवा मिळत्याजुळत्या नावाचा लघुग्रह पुढं येतो, म्हणून क्रमांक जुळतोय का बघा.

ब) जागा: साताऱ्यासाठी १७.७ उत्तर, ७४.० पूर्व. सांगलीसाठी १६.९ उत्तर, ७४.६ पूर्व. इथं लोक उगाच जीव काढतात, शेताचे अक्षांश पाच दशांशापर्यंत टाकतात. गरज नाही. गुरू एवढा लांब आहे की अख्ख्या पृथ्वीच्या त्रिज्येनं फक्त दोन आर्कसेकंदांचा फरक पडतो, साताऱ्याच्या जागी सांगली टाकली तर काहीच कळणार नाही.

क) वेळ: होरायझन्स वेळ युटीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) देतं. आपली वेळ युटीच्या साडेपाच तास पुढं. तिथं झोन बदलायच्या फंदात न पडता तक्ता युटीमध्येच घ्या आणि शेजारी पेननं आपली वेळ लिहा. पायरी ३० मिनिटांची ठेवा.

*सावधान:* १० तारखेच्या रात्री जागून पहाटे एक वाजता फोटो काढला तर तुमच्या लेखी तारीख ११ झाली, पण युटीमध्ये १० तारखेचे संध्याकाळचे साडेसात वाजलेत. साडेपाच तासांची गफलत म्हणजे हिमालिया शंभरएक आर्कसेकंद बाजूला, आणि तिथं तुम्हाला कुठला तरी तारा हमखास सापडतो, म्हणूनच ही चूक लक्षात येत नाही.

ड) रकाने: चारच घ्या, सगळ्यांवर टिक मारली की तक्ता वाचताच येत नाही. क्रमांक १ म्हणजे ॲस्ट्रोमेट्रिक आरए-डेक (आकाशातले रेखांश-अक्षांश), क्रमांक ३ म्हणजे सरकण्याचा वेग, क्रमांक ९ म्हणजे प्रत, क्रमांक १२ म्हणजे ग्रहापासूनचं अंतर. बारावा रकाना आर्कसेकंदात असतो, १८०० म्हणजे अर्धा अंश. हा रकाना महिनाभराचा, रोजचा एक असा काढला की दुसऱ्या टप्प्यातली तारीख तुमच्यापुढं आपोआप येते.

*सावधान, हे सगळ्यात महत्त्वाचं:* क्रमांक १ आणि क्रमांक २ मध्ये गल्लत करू नका. पहिला रकाना जे२००० चा (म्हणजे सन २००० च्या चौकटीतला), दुसरा आजच्या तारखेच्या चौकटीतला. पृथ्वीचा आस फिरतो म्हणून या दोन चौकटी २०२७ पर्यंत एकमेकींपासून २२-२३ आर्कमिनिट सरकल्यात. नंतर फोटो प्लेट सॉल्व्ह केला (त्यातले तारे ओळखून आकाशातली जागा काढली) की सॉफ्टवेअर आकडे जे२००० मध्ये देतं, त्यामुळं ताडून बघायला पहिलाच रकाना. पण बऱ्याच माउंटच्या हँड कंट्रोलरला आजची चौकट लागते, तिथं जे२००० चे आकडे टाकले की टेलिस्कोप वीस-बावीस आर्कमिनिट चुकीच्या जागी थांबतो आणि मग माउंटला शिव्या.

*तपासा:* त्याच वेळेचा गुरूचा पण तक्ता काढा. गुरू आणि हिमालियाच्या आकड्यांतला फरक हातानं मोजा, तो बाराव्या रकान्याशी जुळला पाहिजे. आरएचा फरक तासात असतो, त्याला १५ नं गुणून वर डेकच्या कोसाइननं गुणायला विसरू नका. जुळला नाही तर कुठंतरी गडबड आहे, रात्रीचा कार्यक्रम पुढं ढकला.

४. जागा आणि हवा

फेब्रुवारी म्हणजे साखर कारखान्यांचा हंगाम. कारखान्याचे दिवे, धुराडं, आणि तोडणी झालेल्या फडात पेटवलेलं पाचट, या तिन्हींचा धूर थंड रात्री खाली बसतो. कृष्णाकाठच्या गावांत, वाळवा-पलूसच्या पट्ट्यात, पहाटे धुकं आणि दव दोन्ही. त्यापेक्षा सांगलीवाल्यांनी पूर्वेला जत, आटपाडीकडं सरकावं, हवा कोरडी आणि उसाचा धूर कमी. सातारकरांनी ठोसेघर, बामणोलीच्या बाजूला जावं. चाळकेवाडीचं पठार अंधारं आहे, पण तिथं पवनचक्क्या आहेत म्हणजे वारा आहेच, आणि मिनिटभराच्या एक्सपोजरमध्ये न्यूटोनियनची नळी शिडासारखी वारा धरते. गाडीच्या आडोशाला मांडा, नाहीतर दुसरी जागा बघा.

वनखात्याच्या हद्दीत रात्री थांबायचं असेल तर आधी विचारा. आणि कराड, पाटण, शिराळा भागात उसाच्या कडेला एकट्यानं मांडामांड करू नका. बिबट्याचं कारण सांगायला नको.

५. मांडणी: क्रम बदलू नका

उजेड असतानाच ट्रायपॉड लेव्हल करा. मग वजन, मग नळी, मग बॅलन्स, कॅमेरा लावूनच. मग पोलर अलाइनमेंट. मग फोकस. फोकस आधी आणि अलाइनमेंट नंतर असं केलं तर माउंटचे बोल्ट पिळताना नळी हलते आणि परत सगळं.

ध्रुवतारा आपल्याकडं फक्त १७ अंशांवर असतो, याचे दोन ताप. एक म्हणजे उत्तरेला डोंगर, झाड किंवा कारखान्याची चमक असली की तो दिसतच नाही, म्हणून जागा निवडताना उत्तर मोकळी बघा, किंवा प्लेट सॉल्व्हिंगवर चालणारी तीन बिंदूंची अलाइनमेंट करा, तिला ध्रुवतारा दिसायची गरज नाही. दुसरा ताप म्हणजे एवढ्या कमी अक्षांशाला काउंटरवेटचा दांडा जवळजवळ सरळ खाली लोंबतो आणि उत्तरेकडच्या पायाला जाऊन थटतो. घरीच एकदा हातानं फिरवून बघा. थटत असेल तर वजन दांड्यावर वर घ्या आणि एक जास्तीचं वजन लावा, किंवा मधे एक्स्टेंशन पिलर टाका.

फोकस गुरूवर करू नका. गुरू तबकडी आहे, बिंदू नाही, बाहटिनोव्ह मास्कच्या रेषा त्याच्यावर फराट्यासारख्या दिसतात. शेजारीच मघा चमकत असेल, तिच्यावर करा आणि मग फोकसर लॉक करा. तासाभरानं परत एकदा, कारण पठारावर गारठा वाढला की फोकस सरकतो.

*तपासा:* कॅमेऱ्याचं घड्याळ. मोबाईलच्या नेटवर्कच्या वेळेशी सेकंदासकट जुळवा. डीएसएलआरची घड्याळं महिन्याभरात मिनिटानं पुढंमागं होतात, आणि कुणीतरी कधीतरी बॅटरी काढून ठेवलेली असते तेव्हा तर तारीखच २०१५ ची निघते.

६. फ्रेम लावणं

गुरू फ्रेममध्ये घ्यायचा मोह होतो, "दोघं एका फोटोत" म्हणून. नका घेऊ. हिमालिया मध्यभागी, गुरू फ्रेमच्या बाहेर. फ्रेमच्या अगदी कडेला गुरू असला तरी त्याचा उजेड नळीत आपटून धुरकट कमानी येतात, म्हणून शक्य असेल तर हिमालियालाच थोडं कडेला घेऊन गुरू आणखी लांब ढकला. न्यूटोनियनच्या स्पायडरमुळं (आतला छोटा आरसा धरणाऱ्या पट्ट्यांमुळं) गुरूला चार लांब काटे फुटतात. एखादा काटा नेमका हिमालियावरनं जात असेल तर कॅमेरा फिरवून उपयोग नाही, रिंग सैल करून नळी फिरवा.

एक चाचणी फोटो काढून तिथल्या तिथं लॅपटॉपवर प्लेट सॉल्व्ह करा. ॲस्टॅप हे फुकट सॉफ्टवेअर बिननेटचं चालतं, फक्त त्याचा ताऱ्यांचा डेटाबेस घरनंच उतरवून आणा, पठारावर रेंज नसते. मध्याचे आकडे जे२००० च्या रकान्याशी जुळले की पुढं जा. नुसत्या अंदाजानं जाऊ नका.

७. एक्सपोजर: दोन संच, मधे मोकळा वेळ

६० सेकंद, आयएसओ ८००, दहा फ्रेम. हा पहिला संच. मग निदान दीड-दोन तास थांबा. मग तीच फ्रेम, तेच सेटिंग, परत दहा. प्रत्येक संचानंतर झाकण लावून पाच-दहा डार्क (कॅमेऱ्याचा स्वतःचा कचरा नंतर वजा करायला काढलेले काळे फोटो).

दहाच का? प्रतियुतीजवळ गुरू तासाला साधारण २० आर्कसेकंद सरकतो, हिमालिया त्याच्यासोबत, स्वतःच्या कक्षेमुळं तीन-चार आर्कसेकंद कमीजास्त. दहा मिनिटांत होतात तीन-साडेतीन आर्कसेकंद, हवेच्या थरथरीतच खपून जातात. चाळीस मिनिटं सलग घेऊन ताऱ्यांवर स्टॅक केलं (तारे जुळवून फोटो एकावर एक रचले) की चंद्राची फिकट रेघ होते आणि स्टॅकिंग सॉफ्टवेअर तीच रेघ कचरा समजून पुसून टाकतं. फोटो देखणा, चंद्र गायब.

आणि दोन तासांत सरकणं होतं ४० आर्कसेकंद, म्हणजे आपल्या उदाहरणात ४० पिक्सेल, डोळ्याला ठळक दिसतं. पंधरा मिनिटांच्या फरकानं दुसरा संच घेतला तर पाच पिक्सेलांवर वाद घालत बसावं लागतं.

ट्रॅकिंग ताऱ्यांच्याच वेगाचं ठेवा. दर दोन-तीन फ्रेमनंतर थोडी जागा हलवा, नाहीतर सेन्सरवरचा एखादा हॉट पिक्सेल (उजेड नसताना पण चमकणारा) चंद्र होऊन बसतो.

*सावधान:* गुरू माथ्यावरनं जाताना नळीचं बूड ट्रायपॉडच्या पायाला लागू शकतं. दोन्ही संच माथ्याच्या एकाच बाजूला उरका, उदाहरणार्थ पहिला साडेनऊला, दुसरा साडेअकराला. फ्लिप झाला (माथा ओलांडताना माउंटनं नळी दुसऱ्या बाजूला पलटली) तर दुसरा संच उलटा येतो आणि ताडून बघताना डोकं फिरतं.

८. घरी आल्यावर

दोन्ही संच वेगवेगळे स्टॅक करा. सगळ्या वीस फ्रेम एकत्र टाकू नका, हे सांगूनसुद्धा होतं. सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये डार्क वजा करून, ताऱ्यांवर जुळवून, दोन चित्रं तयार करा. प्रत्येक चित्राची वेळ म्हणजे संचाची मधली वेळ: पहिल्या फ्रेमची सुरुवात आणि शेवटच्या फ्रेमचा शेवट यांच्या मधोमध. ती युटीमध्ये करून लिहा आणि त्या नेमक्या वेळेसाठी होरायझन्सवर नवा तक्ता काढा.

आता दोन्ही चित्रं सॉल्व्ह करा, एकमेकांवर जुळवा आणि आलटून पालटून बघा. तारे जागच्या जागी, एक ठिपका उडी मारतोय. बऱ्याचदा एकापेक्षा जास्त ठिपके उड्या मारतात, कारण आकाशाच्या ज्या पट्ट्यात गुरू दिसतो त्याच पट्ट्यात लघुग्रह पण दिसतात.

९. तो हिमालियाच का, याचा पुरावा

जागा: मोजलेले आरए-डेक आणि तक्त्यातले यांत फरक दोन-तीन आर्कसेकंदांच्या आत हवा. दोन्ही संचांत.

वेग: तिसऱ्या रकान्यात आरएचा आणि डेकचा वेग तासाला आर्कसेकंदात असतो. तुमच्या दोन जागांमधलं अंतर मोजून वेळेनं भागा. मुख्य पट्ट्यातला लघुग्रह प्रतियुतीला तासाला ३५-४० आर्कसेकंद पळतो, म्हणजे गुरूच्या मंडळींच्या जवळजवळ दुप्पट. हा फरक एवढा ढळढळीत आहे की जागेबद्दल शंका असली तरी वेग खरं काय ते सांगून टाकतो.

दिशा: प्रतियुतीजवळ गुरू वक्री असतो, हिमालिया पण त्याच्याबरोबर पश्चिमेकडंच सरकला पाहिजे.

प्रत: शेजारच्या ताऱ्यांशी ताडून १४.५ ते १५ च्या दरम्यान. ही चाचणी सगळ्यात कच्ची, एकटीवर विसंबू नका.

चारातल्या पहिल्या तीन जुळल्या तर नाव लिहा. दोनच जुळल्या तर दुसऱ्या रात्री परत.

१०. नाहीच सापडला तर

या क्रमानं बघा. आधी वेळ: तक्ता युटीचा आणि फोटो आपल्या वेळेचा असं झालंय का. तक्त्यात साडेपाच तास मागंपुढं करून त्या जागी ठिपका आहे का बघा, असेल तर लगेच मिळतो. मग रकाना एक की दोन. मग टार्गेट क्रमांक. मग फोटोची खोली: ॲस्टॅपमध्ये त्या भागातले १६ व्या प्रतीचे तारे तुमच्या चित्रात दिसतायत का? नसतील तर धूर, दव किंवा फोकस. आरशावर दव बसलं होतं का हे शेवटच्या फ्रेम पहिल्यांशी ताडल्या की कळतं, तारे हळूहळू फुगत आणि फिके होत जातात. शेवटी, एखाद्या ताऱ्यावरच तो बसला होता का. तसं असेल तर दोनपैकी एका संचात तरी सुटा दिसेल.

हिमालिया दोनदा नीट जमला की मग फीबी. शनीची प्रतियुती ४ ऑक्टोबर २०२६ ला आहे, पण आपल्याकडं तेव्हा परतीचा पाऊस, म्हणून नोव्हेंबरात घ्या. फीबी शनीपासून जास्तीत जास्त ३५ आर्कमिनिटांच्या आसपास जातो. शनी प्रतियुतीला सुद्धा गुरूच्या निम्म्याच वेगानं सरकतो आणि नोव्हेंबरात तर आणखी मंदावतो, तेव्हा दोन संचांमधलं अंतर दोन तासांचं न ठेवता दुसरा संच सरळ पुढच्या रात्री घ्या. १६.५ प्रतीसाठी दहा मिनिटं पण पुरत नाहीत, अर्धा तास लागेल. संथ असल्यामुळं तेवढ्या वेळात त्याची रेघ होत नाही, ही त्यातली सोय.